बिनत्रासाचा गुलाब: गुहागरच्या वाडीतल्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

काम ठरलं. फाटकापासून पडवीपर्यंतच्या वाटेला दोन्ही अंगांनी गुलाब लावायचे. आमचं निवास-न्याहारीचं घर खालच्या पाटात, रस्ता आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत. पुढे घर, मागे नारळी-पोफळी, त्यामागे सुरूचं बन आणि मग पुळण. जास्वंद, अबोली, अनंत, सोनचाफा यांचं इथे कोणाला काही करावं लागत नाही. गुलाबाची मात्र दरवर्षीची तऱ्हा ठरलेली. दिवाळीनंतर पुण्याहून रोपं येतात, शिमग्यापर्यंत फोटो निघतात, आणि गणपतीला घर माणसांनी भरतं तेव्हा वाटेवर काटेरी काड्या उभ्या असतात.

या खेपेला अटी आधी लिहून ठेवते. फवारणी नाही, कारण पाहुण्यांची पोरं फुलं खुडून थेट तोंडाशी नेतात. शेणखत, निंबोळी पेंड, आच्छादन आणि छाटणी एवढंच. पावसाळ्याच्या शेवटी ज्याच्या अंगावर निम्म्याहून जास्त पानं असतील आणि नवी फूट चालू असेल ते झाड पास. फुलाचा आकार, रंग, वास हे सगळं त्यानंतर. ह्यांचं म्हणणं, पानंच बघायची असतील तर क्रोटन लाव.

१९ जानेवारी

विकत घेण्याआधी गावात काय जगलंय ते बघून आले. पाखाडीपाखाडीने हिंडायचं, आणि ज्या अंगणात गुलाबाकडे कोणी बघत नाही तिथला गुलाब बघायचा. निगा राखलेलं झाड इथे निरुपयोगी, कारण त्यातलं झाडाचं कर्तृत्व किती आणि मालकाचं किती ते कळत नाही.

तीन झाडं लक्षात राहिली.

पहिलं गुरवांच्या मागीलदारी, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं. गुलाबी, मध्यम भरगच्च, वास असा की गल्लीतून कळावं. सगळे त्याला गावठीच म्हणतात. घरातल्या आजी लग्न होऊन आल्या तेव्हाही ते होतं. दरवर्षी शिमग्यानंतर कोयत्याने कापून टाकतात, एवढीच मेहनत. पान मऊ, फिकट हिरवं, जरा सुरकुतलेलं. दक्षिणेत हारासाठी लावतात त्या 'एडवर्ड'शी फार जुळतं.

दुसरं वरच्या पाटात एका विहिरीच्या कठड्याला. काड्या बारीक, पान लहान, टोकदार आणि चकचकीत. गडद लाल फुलं तीन-चारच्या घोसाने. नाव कोणाला ठाऊक नाही, 'बारमाही' म्हणतात. एकूण अंगलट जुन्या चायना गुलाबाची.

तिसऱ्याचा गावात बोलबाला. गडग्यावरून बाहेर ओसंडलेलं, एकही पान डागाळलेलं नाही. काकू कौतुकाने म्हणाल्या, "पावसातसुद्धा पान गळत नाही गं याचं." फूल कधी आलं होतं विचारलं तर म्हणाल्या, घेतलं त्या वर्षी आलं होतं. खाली वाकून बुंधा बघितला. डोळा भरल्याची, म्हणजे कलम केल्याची जुनी गाठ, तिच्यावर वाळलेला खुंटारा, आणि जिवंत फांद्या झाडून सगळ्या गाठीच्या खालून. वरचं कलम कधीच मेलंय, माजलाय तो खुंट, म्हणजे ज्यावर कलम केलं ते खालचं झाड. सात पानांवरून खुंट ओळखतात, पण कलमी गुलाबालाही कधीकधी सात पानं येतात, म्हणून फुटवा गाठीच्या वरून आलाय की खालून तेच बघावं. काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, असू दे, ढोरं तरी अडतात.

पहिल्या दोघांच्या काड्या मागून ठेवल्यात.

२ फेब्रुवारी

वाचलं त्यातलं कामाचं तेवढं उतरवते.

गुलाबावर काळे ठिपके पाडणारी बुरशी म्हणजे डिप्लोकार्पॉन रोझी. तिचे बीजाणू रुजायला पान सलग सातेक तास ओलं राहावं लागतं. पुण्यात पावसाळ्यातही मधे ऊन पडतं, वारा सुटतो, पान सुकतं. आमच्याकडे जुलैत पान सुकतच नाही. पानांवर पांढरी पूड धरते त्या भुरीचं नेमकं उलट. तिला पानावर साचलेलं पाणी चालत नाही, कोरडे दिवस आणि गार रात्री मानवतात. त्यामुळे घाटावर एखादा गुलाब 'निरोगी' म्हटला जातो तो बहुधा भुरीच्या हिशेबात. तो दाखला घेऊन तो इथे आला तर उपयोग शून्य.

रंगाचं प्रकरण मला नवीन होतं. युरोपातल्या बागेतल्या जुन्या गुलाबांत गडद पिवळा रंग जवळजवळ नव्हताच. लिआँचे जोसेफ पेर्ने-दुशे यांनी इराणकडच्या रोझा फिटिडा या पिवळ्या गुलाबाच्या दुहेरी जातीशी संकर करून १९०० साली 'सोलेय दॉर' बाजारात आणला. आजचे बहुतेक पिवळे, केशरी, दुरंगी गुलाब त्याच घराण्यातले. फिटिडा मूळचा पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातला. काळ्या ठिपक्याशी झगडायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती, आणि रंगाबरोबर तो नाजूकपणाही पुढच्या पिढ्यांत उतरला. 'पीस', 'सुपरस्टार', 'डबल डिलाइट' या आपल्याकडे पहिल्यांदा मागितल्या जाणाऱ्या नावांत हे रक्त आहे. पुण्याच्या गुलाबांतले पिवळे-केशरी इथे सगळ्यात आधी का जायचे, ते आता कळलं.

दुसरी बाजू चायना गुलाबांची. चीनच्या उबदार, दमट भागात बागेत जोपासलेले, वर्षभर फुलणारे. युरोपात पोचताना त्यांतले काही कलकत्त्यामार्गे गेले, म्हणून फ्रेंच लोक त्यांना बंगालचे गुलाब म्हणू लागले. 'ओल्ड ब्लश' हा त्यांतला प्रसिद्ध गुलाबी. हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटावर शेताच्या कुंपणांत हा 'ओल्ड ब्लश' आणि ऑटम डमास्क यांचा आपोआप संकर झाला, १९व्या शतकाच्या सुरुवातीला. त्या बेटाचं जुनं नाव बूर्बों, म्हणून हे बूर्बों गुलाब, आणि 'एडवर्ड' त्यांच्यातलाच. समुद्र, ऊन, पाऊस सगळं आपल्यासारखंच असलेल्या जागी, कुंपणात जन्मलेलं झाड गुरवांच्या न्हाणीमागे टिकलं यात नवल नाही.

अत्तराचा डमास्क मात्र यादीतून बाद. त्याला थंडी लागते आणि बहर वर्षातून एकदाच, वसंतात.

आपल्या देशातही यावर काम झालंय. कोडाईकनालच्या विरू आणि गिरिजा वीरराघवन या दांपत्याने रोझा क्लिनोफिला हा आपल्याकडचाच जंगली गुलाब संकरासाठी वापरला. बंगालकडच्या नदीकाठी, पुराच्या पाण्यात उभा राहणारा हा गुलाब. उष्ण प्रदेशासाठी गुलाब करायचा तर पूर्वज उष्ण प्रदेशातला घ्या, हा विचार सरळ आहे. तसली रोपं रत्नागिरी जिल्ह्यातल्या रोपवाटिकांत मिळत नाहीत, हेही तितकंच सरळ.

९ फेब्रुवारी

रोपवाटिका. या दिवसांत इथे उभं राहून गुलाब निवडणं म्हणजे लग्नाच्या मांडवात बसून नवऱ्या मुलाचा स्वभाव ओळखणं. सगळेच नटलेले. माल पुण्याकडचा, थोडा आंध्रातल्या कडियमहून ट्रकने आलेला. चिठ्ठी असलीच तर रंगाची, नावाची नाही. विचारलं, ऑगस्टमधलं उरलेलं एखादं रोप आहे का. माणूस हसला, पण मागच्या शेडमध्ये घेऊन गेला. तिथे न विकलेल्या पिशव्या पडलेल्या, तण माजलेल्या. माझी अर्धी खरेदी तिथूनच झाली, आणि स्वस्तात.

घेतलेले: 'ग्रुस आन टेप्लिट्झ' (गेश्विंड यांचा १८९७ चा, लाल आणि सुवासिक, इकडे 'देशी लाल' म्हणून खपतो), 'द फेअरी' (१९३२, लहान गुलाबी फुलांचे घोस), 'आइसबर्ग' (कोर्डेस, १९५८), 'क्वीन एलिझाबेथ' (१९५४), 'ग्लॅडिएटर', दोन रंगांचे बटण गुलाब. शिवाय पॉलिहाऊसवाल्यांचा 'टॉप सिक्रेट'. तो पडणार हे माहीत आहे, पण पाहुणे हटकून तोच मागतात, तेव्हा दाखवायला असावा.

जाऊबाईंचा फोन. "पिवळा घेतलास ना? पिवळ्याशिवाय बाग म्हणजे काय." म्हटलं, ताई, तुम्ही दिलेला पिवळा आहे अजून कुंडीत. तो वाटेवर लावणार नाही, पडवीच्या छपराखाली ठेवणार.

२३ फेब्रुवारी

वाफे झाले. वाटेच्या कडेची आमची माती म्हणजे पुळणच, शिंपल्यांच्या चुऱ्याची. पाणी झरझर उतरतं, त्याबरोबर खतही. शिंपल्यांतला चुना माती अल्कधर्मी करतो आणि गुलाबाचं कोवळं पान पिवळं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणून सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळी पठारावरच्या आंब्याच्या बागेतून जांभ्याची तांबडी माती आणली. ती दापोलीच्या कृषी विद्यापीठात तपासून घेतली आहे, आम्लधर्मी आहे. दोन्ही मिसळल्यावर बेताची होईल. चिऱ्यांची एक ओळ उभी लावून वाफा हातभर उंच, त्यात माती, कुजलेलं शेणखत आणि जांभ्याची बारीक खडी. दोन झाडांत चार फूट. घाटावर तीन पुरतात, इथे वारा खेळायला जागा हवी.

तेच वाण सड्यावर मांगराशेजारीही एकेक लावले. तिथे दिवसभर ऊन आणि वारा. इथे पोफळींमुळे सकाळचं ऊन उशिरा येतं.

लावताना पिशवीतला मातीचा गोळा तसाच पुरायचा नाही. कडियमच्या रोपांना चिकण मातीचा घट्ट लाडू असतो. आजूबाजूला मोकळी माती आणि मधे हा लाडू, म्हणजे उन्हाळ्यात आत पाणी शिरत नाही आणि पावसात आतलं बाहेर पडत नाही. एकेक रोप बादलीत बुडवून बोटांनी गोळा सोडवला. 'ग्लॅडिएटर'ची मुळं आत गोल फिरून काळी पडायला लागलेली दिसली. तेवढी सिकेटरने छाटली आणि रोप दोन दिवस सावलीत ठेवलं.

गुरवांकडच्या आणि विहिरीवरच्या काड्या वेगळ्या लावल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, खालची पानं काढून, वाळू आणि कोकोपीटमध्ये. या दोन्ही जाती स्वतःच्या मुळांवर येतात, त्यामुळे खुंट माजायचा प्रश्नच नाही. वरचं मेलं तरी खालून जे येईल ते तेच.

१६ मार्च

फुलकिडे. आंब्याचा मोहोर संपत आला की ते दुसरीकडे तोंड वळवतात. 'आइसबर्ग'च्या पांढऱ्या पाकळ्यांच्या कडा तपकिरी, कळी वाकडी. लाल फुलांवरही असणार, पण दिसत नाहीत. कळ्या खुडल्या, बस.

काड्यांना फूट आली. मूळ आहे की नाही ते उपटून बघायचा मोह आवरला.

२० एप्रिल

विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं. समुद्राजवळच्या विहिरींचं वैशाखाच्या तोंडावर होतंच. गुलाबाला खारं पाणी अजिबात सोसत नाही. 'टॉप सिक्रेट' आणि बटण गुलाबांच्या पानांच्या कडा करपल्या. सलग पट्टीसारख्या, टोकाकडून आत. बुरशी असती तर ठिपके सुटे असते. नळाचं पाणी गुलाबांना, विहिरीचं नारळांना, अशी वाटणी केली. नारळाला त्याचं काही नाही.

सोडणाचं, म्हणजे नारळाच्या सालींचं आच्छादन घातलं, पण बुंध्याला चिकटवलं नाही. जांभ्याच्या मातीत वाळवी असते.

पडवीतल्या पिवळ्याला लाल कोळी. पानामागे बारीक जाळी, वरून पान धुळकट. छपराखाली पाऊस लागणार नाही हे खरं, पण दवही लागत नाही, आणि कोळ्याला तेच हवं. नळीने पानाच्या मागून पाणी मारलं. पाण्याने कोळी हटतो, पण काळ्या ठिपक्याला ओलं पानच हवं असतं, म्हणून हे काम सकाळीच उरकायचं, दुपारपर्यंत पान कोरडं व्हायला हवं.

२६ मे

पाऊस आलाच. काल मान्सून महाराष्ट्रात पोचल्याचं जाहीर झालं, आज मुंबईतही. एरवी जूनचा दुसरा आठवडा उजाडतो. त्याआधीच्या मुसळधार सरींनी आगोटीची, म्हणजे पावसाआधीची कामं अर्धी ठेवली. पोफळींवर कोळेरोगासाठी मारायचं मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रणसुद्धा निम्म्याच झाडांना झालं. फवारणारे काका म्हणाले, "वैनी, उरलेलं गुलाबांना मारू काय? सुपारीला चालतं ते ह्यांना चालेल." चालेल हो, एक टक्क्याचं बोर्डो गुलाबालाही मारतात, कोवळी पालवी थोडी भाजते तेवढंच. पण मग या नोंदींना अर्थ उरला नसता. नको म्हटलं. काकांना ते पटलेलं नाही.

रात्री पडवीच्या दिव्याखाली तपकिरी भुंगेऱ्यांचा खच. पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून निघतात आणि रात्रीत पानं कुरतडतात. गावठीचं कोवळं पान त्यांना फार आवडलंय. टॉर्च, बादली, साबणाचं पाणी. चार रात्री हे केलं की संपतं.

१५ जून

'टॉप सिक्रेट'वर पहिला काळा ठिपका. त्याच्यामागोमाग 'आइसबर्ग'. खालची पानं आधी, कारण मातीवरून उडालेला थेंब तिथेच लागतो. गुडघ्याखालची पानं सगळ्यांचीच खुडून टाकली. हे फवारणीत धरत नाही.

६ जुलै

सलग पाऊस. भिंगाने बघायला चार जातींची पानं खुडून आणली आणि ओट्यावर मांडली.

'आइसबर्ग'च्या पानावरचा डाग काळा, पण त्याची कड तुटक नाही. बारीक झालर सुटलेली, शाई टीपकागदावर पसरावी तशी. भोवती पिवळं वलय. देठाला बोट लावलं तर पान हातात आलं. हा खरा काळा ठिपका.

गावठीवरही डाग आहेत, आणि लांबून तसेच दिसतात. भिंगाखाली प्रकार वेगळा. गोल, कड स्वच्छ आणि जांभळट, मधे राखाडी-तपकिरी कोरडा ठिपका. झालर नाही. हा सर्कोस्पोरा, वेगळीच बुरशी. उष्ण दमट हवेत हा सर्रास येतो आणि बरेच जण त्यालाही काळा ठिपकाच समजतात. पान लगेच पिवळं पडत नाही, चिकटून राहतं. म्हणजे ठिपके दिसले की जात बाद, असा हिशेब करता येणार नाही. पान पडतंय का, तेच बघायचं.

विहिरीवरच्या लालच्या पानावर तुरळक डाग. 'द फेअरी'चं पान एवढं लहान आणि चकचकीत की पाणी ओघळून जातं.

२० जुलै

टेक्सासच्या कृषी विद्यापीठाची 'अर्थ-काइंड' नावाची यादी आहे, बुरशीनाशकाशिवाय तगलेल्या गुलाबांची. 'द फेअरी' तीत आहे, चायनापैकी 'म्युटाबिलिस' आहे. जर्मनीतही एडीआर नावाची गुलाबांची चाचणी आहे. तिथे १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून चाचणीच्या झाडांवर औषध मारायला बंदी आहे. दोन्ही पद्धती मला पटतात. याद्या मात्र जशाच्या तशा उचलण्यात अर्थ नाही. जर्मनीतल्या चाचणीत झाड हिवाळ्यातल्या हिमातून तगावं लागतं. आमच्याकडे हिम नाही आणि त्याच्या बदल्यात जे आहे ते तिथे नाही. ह्यूस्टन दमट म्हणून ओळखलं जातं, पण तिथे वर्षभरात पडतो जवळपास तेवढा पाऊस आमचा एकटा जुलै पाडतो. त्या यादीवरून इथे काय लावून बघावं ते ठरतं, काय लावावं ते नाही.

सड्यावर जाऊन आले. तिथलं 'आइसबर्ग' वाटेवरच्यापेक्षा कितीतरी बरं. वाऱ्याने फांद्या फाटल्यात, पण पानं आहेत. पाऊस तोच, रोप एकाच लॉटमधलं. फरक इतकाच की सड्यावर सर थांबली की वारा पान झटकून सुकवतो, आणि इथे पोफळींचं पाणी पुढचा तासभर ठिबकत राहतं. जागा बदलली तर जातीचा निकाल बदलतो हे लिहून ठेवायला हवं. उलटही झालंय. 'क्वीन एलिझाबेथ' उंच, सड्यावरच्या वाऱ्याने मुळातून हलली, बुंध्याभोवती मातीत बोट जाईल एवढी फट पडली. चिव्याची काठी ठोकून बांधली.

१० ऑगस्ट

नारळी पौर्णिमा झाली, सरी उघडझाप करायला लागल्या. आता निकाल लावायला हरकत नाही. वाटेवरच्या झाडांचा हा:

विहिरीवरचा लाल उत्तम, खालून वर पानं शाबूत. गावठी डागाळलेला पण भरलेला, गळतं त्यापेक्षा वेगाने नवं येतं. 'ग्रुस आन टेप्लिट्झ'चे खालचे दोन हात उघडे, वरचं हिरवं, पास. 'द फेअरी' फाटकाजवळ उन्हात आहे ती पास, पोफळीखालची नापास. 'क्वीन एलिझाबेथ' काठावर. बटण गुलाबांतला लाल बरा, केशरी गेला. केशरी जाणार हे फेब्रुवारीतच वाचलं होतं, तरी बघायचं होतं. 'आइसबर्ग', 'ग्लॅडिएटर' नापास. 'टॉप सिक्रेट'च्या अंगावर चार पानं आणि त्यांच्यावर एक फूल, आणि सकाळी पाहुण्यांतल्या एका बाईंनी फोटो नेमका त्याचाच काढला.

पडवीतल्या पिवळ्याला एकही काळा ठिपका नाही. त्याच महिन्यात, त्याच हवेत, वाटेपासून दहा पावलांवर. पान कोरडं राहिलं एवढाच काय तो फरक. हवेत नुसता दमटपणा असून भागत नाही, पानावर पाणी लागतं.

२४ ऑगस्ट

बुधवारी गणपती. फुलांचा हिशेब आता कामाचा.

भरगच्च पाकळ्यांची कळी या पावसात उमलत नाही. बाहेरच्या पाकळ्या भिजून एकमेकींना चिकटतात, वर कागदी पापुद्रा होतो आणि आतलं फूल आतच कुजतं. 'ग्लॅडिएटर'ची एकमेव कळी अशीच गेली. गावठीच्या पाचांतल्या दोन-तीन जातात. कळीवरचा तो पापुद्रा नखाने अलगद सोडवला तर कधी कधी उमलते, पण हे रोज करत बसायचं तर बिनत्रासाचा कसला. विहिरीवरच्या लालला पाकळ्या कमी, भिजलेलं फूलसुद्धा उघडतं, आणि दुसऱ्या दिवशी पाकळ्या गळून देठ मोकळा. कुजकं काही अंगावर राहत नाही. पावसाच्या मुलखासाठी मोठ्या भरगच्च फुलापेक्षा हलकं फूल घ्यावं असं माझं मत झालंय.

गणपतीच्या हारात या वर्षी घरचे लाल आणि गुलाबी जातील. दूर्वांसोबत बरे दिसतील.

७ सप्टेंबर

काल विसर्जन झालं. आज सिकेटर घेऊन बसले.

'टॉप सिक्रेट' काढून टाकला. 'ग्लॅडिएटर'ला शेंडेमर. फांदी टोकाकडून काळपट तपकिरी होत खाली येते. कापत गेले, काप पांढराशुभ्र दिसेपर्यंत. आत तपकिरी ठिपका असेल तोवर रोग आत आहे. कापत कापत जवळजवळ गाठीपर्यंत पोचले. कापांना बोर्डो पेस्ट लावली. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर, याच प्रमाणात मूठभर कालवली. काका समोरच होते. काहीही बोलले नाहीत, नुसते हसले. कापाला मलम लावणं मी फवारणीत धरत नाही.

१९ ऑक्टोबर

छाटणी. घाटावर ऑक्टोबरच्या मध्याला करतात, इथे पाऊस खरंच गेलाय की नाही ते बघून. गावठी निम्म्यावर आणली, लालच्या फक्त बारीक आणि आडव्या काड्या काढल्या. चायना गुलाब जोरात छाटला तर रुसतो, पुन्हा अंग धरायला महिने घेतो. गळलेली पानं झाडून जाळली, आच्छादन बदललं, शेणखत आणि पेंड दिली.

खुंटवाल्या काकूंनी विचारलं, आमच्या त्या कुंपणाला फूल येईल असं काही करता येईल का. जोमदार खुंट आयता उभा आहे, साल सुटायला लागली की त्यावर पिवळ्याचा डोळा भरून बघता येईल. पावसात तो उघड्यावर टिकणार नाही हेही सांगितलं. म्हणाल्या, चार महिने दिसला तरी पुष्कळ. ही तऱ्हाही वाईट नाही. मोगऱ्यासारखं गुलाबालाही हंगामी मानायचं, हंगाम संपला की कापायचा.

७ डिसेंबर

छाटणीनंतर सात आठवडे होत आले. सगळं फुललंय. 'आइसबर्ग'सुद्धा, आणि तो पांढरा आता असा दिसतोय की ऑगस्टची नोंद वाचल्याशिवाय त्याला काढायला हात उचलणार नाही. 'ग्रुस आन टेप्लिट्झ'वर पहाटेच्या गारव्याने थोडी भुरी आली आहे. कोवळ्या शेंड्यांपुरती. सोडून दिली.

जाऊबाई आल्यात. वाट बघून म्हणाल्या, "छान आहे गं, पण दोनच रंग?" पडवीत नेऊन पिवळा दाखवला. त्याची फुलं मोजून झाल्यावर विषय संपला.

ठरलेली मांडणी अशी. वाटेच्या दोन्ही अंगांना विहिरीवरचा लाल, मधे मधे गावठी. फाटकाजवळच्या उन्हात 'द फेअरी', घराच्या कोपऱ्याला 'ग्रुस आन टेप्लिट्झ'. 'आइसबर्ग' आणि 'क्वीन एलिझाबेथ' सड्यावर. पिवळा पडवीत, तिथेच, कोळ्यासकट. लालच्या काड्या आणखी लागतील. विहिरीवाल्यांनी हव्या तेवढ्या न्या म्हटलंय, मात्र त्या बदल्यात त्यांना गावठीची दोन मुळं धरलेली रोपं हवी आहेत. चार तयार आहेत, त्यांतली दोन उद्या पोचवायची.